धांवणारे आणि पाहाणारे

शर्यत संपली म्हणजे कोण जिंकला हें सगळे विचारतात, कोण हरला हें कांहीं जण विचारतात. पाहावयास कोण गेलें होतें आणि त्यांनीं काय पाहिलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. वास्तविक शर्यत ही वस्तु पाहाणाऱ्यावांचून अस्तित्वांतच येत नाहीं. रानांत दोन बैल एकमेकांपुढें पळाले तर तें नुसतें पळणें झालें. दोन्ही बाजूंना माणसें दाटलीं, त्यांनीं एका रेघेकडे डोळे लाविले, कीं त्याच पळण्याची शर्यत होते. ती रेघ बैलाला ठाऊक नसते, आणि बक्षिसाची रक्कम तर त्याच्या स्वप्नांतही येत नाहीं. म्हणून मुक्या जनावरांच्या शर्यतींत पाहाणारा हा केवळ तिऱ्हाईत, असें जें सर्वत्र समजतात तें आम्हांस पटत नाहीं. आणि या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. निमित्त घरचेंच आहे. शंकरपट पाहावयास मुलांना न्यावें कीं नाहीं, यावर आमच्या घरांत दोन वर्षें वाद चालू असून तो अद्याप मिटलेला नाहीं.

दूरच्या वाचकांसाठीं थोडी माहिती सांगणें अवश्य आहे. आमचें अहेरी गांव गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, प्राणहितेच्या बाजूस आहे. नदी ओलांडली कीं तेलंगण लागतें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन हा जिल्हा निराळा झाला. इकडे रान फार, शेत थोडें. आलापल्लीच्या सागवानाचें नांव सर्वांनीं ऐकिलें असेलच. उत्तरेस आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी या बाजूस चढत गेलें म्हणजे मात्र धानाचीं शेतें आणि तळीं दिसूं लागतात, आणि तेथून भंडारा-गोंदियापर्यंतच्या त्या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीपासून तेथें मंडया भरूं लागतात. पुढें धान घरांत आलें, खळीं मोकळीं झालीं, कीं पटांचे दिवस येतात. दिवसा पट आणि रात्रीं नाटक, असा तो थाट असतो. नाटक रात्रभर चालतें आणि वडशाच्या नाटकमंडळ्यांना त्या दिवसांत श्वास घेण्यास फुरसत नसते. ज्या गांवीं पट असेल त्या गांवच्या लेकी माहेरीं येतात, सोयरेधायरे गाडीभाडें खर्चून येतात, घरोघर पाहुण्यांच्या पंगती उठतात आणि उपवर मुलामुलींच्या गोष्टीही त्याच ओसऱ्यांवर निघतात. पटाला गेलें कीं एखादी सोयरीक जुळवूनच माणूस परततो, असें तिकडे थट्टेनें म्हणतात. त्यांत थट्टेपेक्षां सत्यच अधिक आहे.

प्रत्यक्ष शर्यत पाहूं गेलें तर अगदीं क्षणाची. नांगरून, दगड वेंचून सरळ केलेली वाट. तिच्यावर हलका छकडा, त्याला जुंपलेली बैलजोडी, आणि छकड्यावर अर्धवट उभा, अर्धवट वांकलेला धुरकरी. कोठें दोन जोड्या बरोबरीनें सोडितात, कोठें एकेक जोडी सोडून घड्याळानें वेळ मोजितात. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा पट सगळ्या वऱ्हाडांत गाजलेला. तेथें सेकंदाच्या अंशावरून निकाल फिरतो. निशाण पडलें, ओरडा झाला, धुळीचा एक लोट डावीकडून उजवीकडे गेला, कीं आटोपलें. ज्यानें त्या वेळीं उपरण्यानें डोळे पुसले त्याची शर्यत बुडाली! दिवसभर उन्हांत बसून माणूस प्रत्यक्ष धांव पाहातो ती सगळी मिळून कांहीं मिनिटांची. बाकीचा सारा वेळ वाट पाहाण्यांत, चिवड्यांत आणि वादांत जातो.

पण आमचें म्हणणें असें कीं, खरें पाहाण्यासारखें असतें तें या रिकाम्या वेळांतच. जोड्या मैदानांत येतात तेव्हां जाणता शेतकरी पाय पाहातो, खूर पाहातो, जूं मानेवर कसें बसलें आहे तें पाहातो. दोघांची चाल एक आहे कीं एक दुसऱ्याला ओढतो आहे, हें तो दहा पावलांत सांगतो. आम्ही सारें आयुष्य मुलांना रूपें पाठ करविण्यांत घालविलें. बैलाचें रूप कसें वाचावें हें आम्हांस एका पागोटेवाल्या म्हाताऱ्यानें उतारवयांत शिकविलें. त्याची हकीकत पुढें येईल.

आमच्यासारख्या पोथीवाल्या माणसाला पट पाहातांना वेद आठवावे हें साहजिक आहे. वाजपेय यज्ञांत सतरा रथांची धांव असे. सतरा दुंदुभि वाजवीत. एक क्षत्रिय सतरा वेळां बाण सोडून अंतर ठरवी, आणि त्या अंतराच्या शेवटीं उंबराची फांदी रोंवीत. त्या शर्यतींत यजमानच जिंकावयाचा हें आधीं ठरलेलें असे. (ही प्रथा आजच्याही कांहीं पंचांना मनापासून आवडेल.) याहून मौजेचें सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत आहे, एकशें दोनावें. मुद्गल नांवाचा ऋषि बैल जुंपून शर्यतीला उतरतो आणि त्याची पत्नी मुद्गलानी सारथ्य करिते. यास्कानें निरुक्तांत जी कथा दिली आहे तींत मुद्गलानें बैलाच्या जोडीला दुसरा बैल म्हणून द्रुघण, म्हणजे लांकडाचा घण, जुंपला असें आहे. या सूक्ताचा अर्थ लावतांना पंडितांची फार दमछाक झाली आहे आणि त्यांत आम्ही भर घालीत नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें एका बारीक गोष्टीनें. त्या वृषभानें हर्षानें पाण्याचा डोहच्या डोह पिऊन टाकिला, असें ऋषि मुद्दाम सांगतो. गाई किती जिंकल्या हेंही त्यानें सांगितलें आहे. परंतु बैलाला तहान लागली होती आणि तो पाणी प्याला, हेंही त्यानें पाहिलें. पाहाणारा असा असावा.

आतां घरच्या वादाकडे वळूं. आमची सूनबाई, म्हणजे पुतण्याची पत्नी, शास्त्रविषय घेऊन पदवीधर झालेली आहे. तिचें म्हणणें स्वच्छ आहे: शेपूट पिरगाळून, टोंचून, मारून जनावराला पळवितात, आपण पाहावयास गेलों म्हणजे त्या टोंचणीला आपण पैसा दिला, आपण सर्वांनीं जाणें सोडलें कीं पट आपोआप थांबतील. पुतण्याचें म्हणणेंही पोकळ नाहीं. तो म्हणतो, ट्रॅक्टर आल्यापासून बैल ठेवतो कोण? पटाच्या हौसेनें जो शेतकरी स्वतः अर्धपोटीं राहून जोडीला सरकी आणि पेंड चारतो, त्याची हौस मारली कीं बैलाची जातच संपेल. दोघेंही आमच्या तोंडाकडे पाहातात, आणि आमच्या वहिनी जपमाळ ओढीत म्हणतात, "मास्तर आहेत ना, मग निकाल द्या कीं!"

हाच वाद आमच्या ओसरीवर होण्याच्या कितीतरी आधीं देशाच्या मोठ्या न्यायालयांत झाला. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास बंदी करणारा कायदा १९६० सालचा आहे. जुलै २०११ मध्यें केंद्र सरकारनें, ज्या प्राण्यांचे खेळ करूं नयेत त्यांच्या यादींत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तमिळनाडूचा जल्लिकट्टु आणि महाराष्ट्रांतील बैलगाड्यांच्या शर्यती अवैध ठरविल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी नाहीं, तो धांवण्याच्या खेळासाठीं घडलेला प्राणी नव्हे, असाही विचार त्या निर्णयांत होता. पुढें २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली, तिला उच्च न्यायालयानें अडविलें, १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींस परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तमिळनाडु, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे दुरुस्त कायदे ग्राह्य ठरविले. आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी लागते, आणि चाबूक, काठी, टोंचणी यांना मनाई आहे.

इतक्या वर्षांच्या या वादांत शेतकऱ्यांचें म्हणणें मांडलें गेलें, शर्यती भरविणाऱ्यांचें मांडलें गेलें, मुक्या जनावरांच्या वतीनें बोलणाऱ्या संस्थांचें मांडलें गेलें. सभोंवार बसलेल्या हजारों माणसांना मात्र कोणीं विचारलें नाहीं. आणि नियम मोडला जातो तो कोणासमोर? त्या हजारोंसमोरच. जिल्हाधिकारी कांहीं प्रत्येक छकड्याच्या मागें धांवणार नाहींत.

म्हणून त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. आरमोरीच्या आसपासचें समजा. अहेरीहून तेथें पोंचेपर्यंत अर्धा दिवस गाडींतच गेला. पौषाचे दिवस होते. आम्ही बांधावर बसलों तों शेजारीं हा गृहस्थ नातवाला घेऊन बसलेला होता. आमच्याजवळ दुर्बीण पाहून तो म्हणाला, "गुरुजी, काच कशाला? जवळ येईल तेव्हांच पाहा." थोड्या वेळानें आमच्या ध्यानांत आलें कीं सगळे लोक सुरुवातीच्या निशाणाकडे पाहात आहेत आणि हा मात्र पलीकडच्या टोंकाकडे. जोडी रेघ ओलांडून गेली, लोकांच्या टाळ्या संपल्या, कीं त्याचें पाहाणें सुरू होई. बैल किती लांब जाऊन थांबले, थांबतांना मान कशी टाकली, तोंडाला फेंस किती, फऱ्यावर हात ठेवतांच कातडी कशी थरथरली, हें सगळें तो नातवाला हळूच सांगे. एकदां म्हणाला, "ह्यो जिंकला नाहीं, पण घरीं जाऊन चारा खाईल. तो पहिला आला ना, तो आज कांहीं खात नाहीं पाहा." आम्ही मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या त्या अशा बारकाईनें तपासल्या असत्या तर किती बरें, असें मनांत आलें.

दुपार कलली होती. एक उमदी पांढरी जोडी आली, वाऱ्यासारखी गेली, आणि मैदानांत एकच जल्लोष झाला. म्हातारा मात्र उठून उभा राहिला. जोडी मागें फिरवून आणीत होते तेव्हां आम्हीं पाहिलें: डाव्या बैलाच्या मांडीवर, शेपटीच्या बुडाशीं, रक्ताचे दोनतीन थेंब ओघळून वाळूं लागले होते. पराणीला इकडे तुतारी म्हणतात; ती तर मैदानांत आणूं देत नाहींत, पण मुठींत खिळा लपविण्यास किती जागा लागते? पंचांच्या माचाकडे जातांना म्हाताऱ्याचे पाय जड झाले होते, आणि त्याचें कारण आम्हांस नंतर समजलें. ती जोडी त्याच्या मुलीच्या चुलतसासऱ्याची होती. तो त्याच घरीं पाहुणा उतरला होता. धाकट्या नातीच्या सोयरिकीचें बोलणेंही त्याच घरच्या मध्यस्थीनें चाललें होतें.

पंचांसमोर तो मोठ्यानें बोलला नाहीं. "बैलाच्या मांडीला हात लावून पाहा," एवढेंच म्हणाला. पंच एकमेकांकडे पाहूं लागले. मालकाच्या बाजूच्या तरुणांनीं गलका केला. मागून कोणी ओरडलें कीं म्हाताऱ्याला ऊन लागलें आहे. कित्येकांना खेळांत खंड पडल्याचाच राग आला होता. तेवढ्यांत आमच्या शेजारचे चारपांच जण उठून त्याच्यामागें जाऊन उभे राहिले. कोणी घोषणा केली नाहीं, हात उगारला नाहीं. नुसते उभे राहिले. आम्हीही गेलों. मग डॉक्टर आले, त्यांनीं पाहिलें, आणि जोडी बाद झाली. ध्वनिक्षेपकावरून तें सांगतांना निवेदकानें मालकाचें नांव अतिशय घाईनें उच्चारलें आणि लगेच पुढची जोडी पुकारली.

रात्रीं नाटकाच्या मंडपांत तो आम्हांस भेटला. जेवण झालें का म्हणून विचारलें. म्हणाला, "वाढलें त्यांनीं. पंगतींत कोणी बोललें नाहीं." मग बराच वेळ तो रंगमंचाकडे पाहात राहिला. नातीच्या सोयरिकीचें पुढें काय झालें, हें आम्हीं विचारलें नाहीं, आणि विचारण्याचा आमचा अधिकारही नव्हता.

ही हकीकत घरीं सांगितली तेव्हां सूनबाई म्हणाली, "तो गेलाच नसता तर?" पुतण्या म्हणाला, "तर तो खिळा कोणाला दिसला नसता." दोघांनाही आपलाच मुद्दा सिद्ध झाला असें वाटलें! वादांत असें नेहमींच होतें. आमचें मत तेव्हांपासून पुतण्याकडे झुकलें आहे, पण एका अटीवर: जो जाईल त्यानें रेघेपाशीं डोळे मिटूं नयेत. टाळी वाजवून वळला तो पाहाणारा नव्हे, तो गिऱ्हाईक.

या प्रश्नाला जगांत दुसरीकडे काय उत्तर दिलें आहे, हें आम्हांस आमच्या नातवानें दाखविलें. तो नववीच्या वर्गांत आहे आणि त्याच्या हातांतल्या यंत्रांत सगळें जग मावतें. २०२५ च्या फाल्गुनांत, अहेरींत उन्हाळा तापूं लागला असतां, तो आम्हांस अलास्कांतल्या कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत दाखवूं लागला. दाखवावयाचें तें काय, तर पांढऱ्या नकाशावर सरकणारे ठिपके! प्रत्येक गाडीवर उपग्रहाशीं संधान बांधणारें एक लहानसें यंत्र असतें. त्यावरून कोण कोठें आहे तें कळतें.

या शर्यतीचें नांव इडिटारॉड. ती १९७३ सालीं सुरू झाली आणि तिच्यामागें जो रेडिंग्टन या गृहस्थाची खटपट होती. बर्फावरचीं यंत्रें आल्यामुळें गांवोगांवचीं गाडीचीं कुत्रीं नाहींशीं होऊं लागलीं, तीं टिकावीं हा त्याचा हेतु. ट्रॅक्टर आणि बैल यांचीच ही गोष्ट नव्हे का? शर्यतीची वाट अँकरेज शहरापासून समुद्रकांठच्या नोम गांवापर्यंत, सुमारें १००० मैल. पहिल्या वर्षीं जिंकणाऱ्याला सुमारें वीस दिवस लागले. २०१७ सालीं मिच सीव्ही ८ दिवस ३ तास ४० मिनिटांत पोंचला. १९८५ सालीं लिबी रिडल्स ही बाई वादळांत कुत्रीं घालून पहिली आली, आणि स्त्री पहिली येण्याची ती पहिलीच वेळ; तिचें नांव ऐकतांच आम्हांस मुद्गलानी आठवली. २०२५ सालीं तर नेहमींच्या वाटेवर बर्फच पुरेसें पडलें नाहीं, म्हणून शर्यत फेअरबँक्स या गांवाहून सोडावी लागली. हिमाच्या देशांत हिमाचा दुष्काळ!

पाहाणाऱ्याच्या दृष्टीनें ही शर्यत म्हणजे आमच्या पटाच्या अगदीं उलट. तेथें पहिल्या दिवशीं अँकरेजच्या रस्त्यावर, बाहेरून बर्फ आणून पसरून, मोठा समारंभ होतो. कुत्रीं जुंपतांच उड्या मारूं लागतात, भुंकून आकाश डोक्यावर घेतात, आणि माणसांनीं धरून ठेवलीं नाहींत तर गाडीसकट निघून जातील अशी त्यांची घाई असते. बैल आज्ञेनें धांवतो, हीं आवडीनें धांवतात, एवढा फरक आम्हांस चित्रांतूनही दिसला. पण तो समारंभ संपला, गाड्या रानांत शिरल्या, कीं पाहाणारा रिकामा. पुढच्या आठदहा दिवसांत जें कांहीं होतें तें, वाटेवरच्या थोड्या वस्त्या सोडल्या तर, कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं.

आणि न दिसणाऱ्या धांवेचें श्रेय कसें वांटलें जातें, याचा दाखला त्याच वाटेच्या इतिहासांत आहे. १९२५ च्या जानेवारींत नोम गांवीं घटसर्पाची सांथ आली. औषध नेनाना गांवापर्यंत आगगाडीनें आलें. तेथून पुढें ६७४ मैल वीस गाडीवानांनीं आणि सुमारें दीडशें कुत्र्यांनीं हातोहात, साडेपांच दिवसांच्या आंत, पोंचविलें. २ फेब्रुवारीला पहाटेच्या अंधारांत शेवटची गाडी गांवांत शिरली ती गुन्नार कासेनची. तिच्या पुढें असलेल्या कुत्र्याचें नांव बाल्टो. लोकांनीं त्याला पाहिलें, म्हणून त्याच वर्षाअखेर न्यूयॉर्कच्या बागेंत त्याचा पुतळा उभा राहिला. कासेनचा टप्पा सुमारें पन्नास मैलांचा. लिओनार्ड सेप्पाला हा आपल्या टोगो या म्हाताऱ्या कुत्र्याला पुढें घालून औषध घ्यावयास गेला, तें घेऊन गोठलेल्या समुद्राच्या खाडीवरून परतला, आणि जाऊन येऊन त्याची वाट सुमारें २६० मैलांची झाली. पण टोगो धांवला तेथें पाहावयास कोणी नव्हतें. बाल्टोचा त्यांत कांहीं अपराध नाहीं; कुत्र्याला पुतळा म्हणजे काय हें ठाऊक नसतें. डोळे ज्या टोंकाला उभे असतात तेथेंच कीर्ति सांपडते, एवढाच त्याचा अर्थ.

अलास्कांतल्या लोकांनीं म्हणा किंवा त्यांच्यावर टीका करणाऱ्यांच्या धाकानें म्हणा, आतां त्या न दिसणाऱ्या वाटेवर डोळे बसविले आहेत. ठरलेल्या ठाण्यांवर जनावरांचे डॉक्टर असतात, ते कुत्रीं तपासतात, आणि प्रत्येक गाडीवानाजवळ कुत्र्यांच्या प्रकृतीची वही असते. एकदां पुरे चोवीस तास आणि आणखी दोनदां आठआठ तास थांबणें सक्तीचें आहे. पायांना कापडाचे मोजे घालतात. थकलेलें किंवा लंगडणारें कुत्रें ठाण्यावर ठेवून पुढें जावें लागतें. इतकें असूनही कुत्रीं मरतात. २०२४ च्या शर्यतींत तीन मेलीं, आणि ही शर्यत बंद करावी म्हणणारे तेथेंही थोडे नाहींत. आमची सूनबाई त्यांच्या बाजूची, हें सांगावयास नकोच. "कुत्र्यासाठीं धर्मराजानें स्वर्ग नाकारला," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याला हजार मैल पळवितां!" आम्ही म्हणालों कीं महाप्रस्थानांत तें कुत्रेंही पुष्कळ चाललें होतें. तिला हें उत्तर मुळींच आवडलें नाहीं.

मात्र नोम गांवची एक चाल तिलाही आवडली. गाडी गांवाजवळ आली कीं भोंगा वाजतो, मग दिवस असो कीं मध्यरात्र. आणि लोक अंगावर लोंकरी कपडे चढवून रस्त्यावर येतात. पहिल्यासाठीं येतात तसेच मागाहून येणाऱ्यांसाठींही. शर्यत सुरू होतांना तेथें एक कंदील लावितात आणि शेवटची गाडी येईपर्यंत तो विझवीत नाहींत. शेवटून पहिला येणाऱ्यालाही तांबडा कंदील म्हणून बक्षीस असतें. आमच्या पटांत पहिल्या तीन क्रमांकांच्या ढाली वांटल्या कीं मंडप सोडूं लागतात. शेवटचा बैल पाणी प्याला कीं नाहीं, हें पाहावयास धन्यावांचून कोणी उरत नाहीं.

त्या फाल्गुनांत आमच्या ओसरीवर रोज दुपारीं हा नकाशा उघडला जाऊं लागला. जिंकणारा जेसी होम्स साडेदहा दिवसांनीं नोमला पोंचला तेव्हां नातवाला वाटलें कीं आतां संपलें. पण वहिनींनीं तें होऊं दिलें नाहीं. जपाची माळ बाजूस ठेवून त्या मागच्या ठिपक्यांची चौकशी करूं लागल्या. एक ठिपका सकाळपासून जागचा हलला नव्हता.

"हा कां थांबला रे?"

"विश्रांति घेत असेल, आजी. येथें लिहिलें आहे, निघतांना त्याच्याजवळ किती कुत्रीं होतीं आणि आतां किती आहेत."

वहिनींनीं चष्मा लावून दोन्ही आंकडे वाचिले आणि बोटांवर वजाबाकी केली.

"मग बाकीचीं कुठें आहेत?"

"थकलीं तीं वाटेंत ठेवलीं. त्यांना विमानानें परत पाठवितात."

"विमानानें?" वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. सूनबाई दाराशीं येऊन उभी राहिली होती. "आणि विमान येईपर्यंत त्यांना खायला कोण घालतें?"

नातू तें शोधूं लागला.